कौलारू माळ्यावर सराउंड स्पीकर: एप्रिल ते जून २०२५ च्या नोंदी

५ एप्रिल

आज फक्त मोजमाप. घर रत्नागिरीजवळ, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. माळ्यावरची खोली आढ्याच्या एका बाजूला, म्हणजे पश्चिमेच्या पाख्याखाली आहे. लांबी १९ फूट, रुंदी १२ फूट. पूर्वेची भिंत थेट आढ्यापर्यंत जाते, ११ फूट. पश्चिमेची भिंत जेमतेम ४ फूट, तिथून पुढे उतरतं छप्पर. आग्नेय कोपऱ्यात जिन्याचं भोक, ३ फूट रुंद आणि ७ फूट लांब. जमीन लाकडी तक्तपोशीची, खाली स्वयंपाकघर.

पुण्याचा भाऊ लहान फ्लॅटमध्ये राहायला गेला तेव्हा त्याने रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारी पेटी), पाच स्पीकर (पुढे तीन, बाजूला दोन सराउंड) आणि सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) मला दिला. टीव्ही ५५ इंची, आमचाच, उत्तरेच्या भिंतीवर लागेल. अण्णांना (माझे वडील, वय ८१) थिएटरात जाऊन बसणं आता जमत नाही. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उजवा चांगला आहे. या खोलीत सिनेमा त्यांना नीट ऐकू आला पाहिजे, त्यासाठीच हा खटाटोप.

छतात स्पीकर लावण्याचा किंवा छतावर आवाज आपटवणारे स्पीकर घेण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. ते प्रकार सपाट, टणक छतासाठी आहेत. इथे ३० अंशांचा उतार आहे आणि कौलांना फटी आहेत.

६ एप्रिल

रामनवमीचा जन्म झाल्यावर दुपारी लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक, सुतळी आणि खडू घेऊन जमिनीवर आखणी केली. पाच स्पीकरच्या मांडणीत बसणाऱ्याच्या नाकासमोरची दिशा शून्य धरायची, मग मधला, म्हणजे सेंटर, शून्यावर, पुढचे डावा-उजवा २२ ते ३० अंशांवर येतात आणि सराउंड साधारण १०० ते १२० अंशांवर. सराउंड म्हणजे कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे, पाठीशी नव्हे. माझा इथेच घोळ होता, मी ते मागच्या भिंतीवर लावणार होतो.

आखणीतून कळलेलं: उजव्या सराउंडची जागा बरोबर जिन्याच्या भोकावर येते. डाव्याला भिंतच नाही. ४ फुटांच्या वर गेलं की छप्पर डोक्याकडे झुकतं, स्पीकर जितका वर न्यावा तितका तो बसणाऱ्याच्या जवळ येतो.

१२ एप्रिल

सोफा आला. तीन जणांचा, साडेसहा फुटी, १८,५०० रुपये. जिन्यातून जाईना. माजघराच्या बाजूने दोर लावून खिडकीतून वर घेतला, चार माणसं, १,५०० रुपये. मागच्या भिंतीला टेकवून ठेवला, घरात सोफा तिथेच असतो म्हणून.

रात्री लावून बघितलं. ढोलाचा प्रत्येक ठोका घुमतो, लांबतो. भिंतीशी खर्ज नेहमीच साठतो, आणि आमची डोकी भिंतीपासून दीड फुटावर. शिवाय सराउंड मागे न्यायला जागाच उरली नाही. सोफा ओढून उत्तरेच्या भिंतीपासून १२ फुटांवर आणला. घुमणं लगेच निम्म्यावर आलं. काहीही विकत घेण्याआधी हे करून बघायला हवं होतं, एक साधी खुर्ची पुढेमागे सरकवूनसुद्धा कळलं असतं.

१३ एप्रिल

बसण्याचा मध्य कुठे घ्यायचा हा प्रश्न. पश्चिमेकडे उठताना डोकं वाशाला लागतं, म्हणून सोफा पूर्वेकडे सरकवला. मध्य पूर्वेच्या भिंतीपासून ५ फुटांवर आला, टीव्हीही तसाच सरकवला. तेव्हा हे शहाणपणाचं वाटलं. पुढचे तीन आठवडे याच निर्णयाने खाल्ले.

१९ एप्रिल

वायर. शहरातल्या दुकानातून ३० मीटर स्पीकरची वायर आणली, २२ रुपये मीटर, एकूण ६६० रुपये. घरी सोलली तर तारा आतून पांढऱ्या, तांब्याचा नुसता मुलामा असलेलं ॲल्युमिनियम. एवढ्या अंतराला आवाजात फार फरक पडला नसता, पण स्क्रूखाली आवळताना दोनदा तुटली, आणि इथल्या खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियमचे सांधे लवकर खराब होतात. पूर्ण शुद्ध तांब्याची १४ गेजची आणली, ५५ रुपये मीटर, १,६५० रुपये. नखाने खरवडून, टोक कापून आत लाल दिसतं का ते दुकानातच बघा.

वायर उघडी टाकायची नाही, माळ्यावर उंदीर असतात. सगळी प्लास्टिकच्या पट्टीतून तुळईच्या कडेने नेली. पट्ट्या ५४० रुपये. उजव्या स्पीकरला १० मीटर लागली, डाव्याला ७. दोन्ही सारख्या लांबीच्या असाव्यात असं एकाने सांगितलं होतं, गरज नाही.

२० एप्रिल

आज जांभ्याने हात टेकवले. ८ मिलिमीटरचं ड्रिल लावलं तर भोक १२ चं झालं, आतला दगड भुसभुशीत, लाल भुकटी गळतच राहिली. प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू फिरवला तर गिट्टीही सोबत फिरते. जाडी गिट्टी घेतली, ती धरल्यासारखी वाटली. स्टँड लावून हाताने जोरात खाली ओढला आणि तो गिट्टीसकट हातात आला. स्पीकर अडीच किलोचा आहे, खाली जिना आहे, आणि त्या जिन्यावरून लेक दिवसातून वीस वेळा धावते. ओढून पाहिल्याशिवाय स्पीकर टांगायचा नाही, हे इथे लिहून ठेवतो.

२१ एप्रिल

सुतारकाका येऊन भिंत बघून गेले. म्हणाले, "भाऊ, जांभ्यात खिळा नाही मारायचा, गुटका बसवायचा. तुमच्या आजोबांच्या खुंट्या बघा, हलल्यात का एक तरी?" खरंच, देवघरासमोरच्या खुंट्या तशाच आहेत. पद्धत अशी: भिंतीत दोन इंच चौकोनी, तीन इंच खोल खड्डा छिन्नीने करायचा, आत थोडा रुंद. खड्डा फुंकून साफ करून पाण्याने भिजवायचा. सागाचा गुटका मागच्या टोकाला रुंद आणि पुढे अरुंद, म्हणजे बाहेर ओढला तरी सुटत नाही. एकास तीन सिमेंट-वाळूत बसवायचा आणि आठवडाभर पाणी मारायचं. स्क्रू मग लाकडात.

जिन्याच्या भोकावर दोन जाड फळ्या आडव्या टाकून, त्या दोन्ही कडांना दोराने बांधून काकांनी वर उभं राहून काम केलं. मी एकट्याने शिडी जिन्याच्या पायऱ्यांवर टेकवणार होतो, ते त्यांनी करू दिलं नाही. दोन गुटके, मजुरीसकट १,२०० रुपये.

२७ एप्रिल

गुटके पक्के. मी स्वतः लोंबकळून बघितलं. फिरणारे स्टँड ९५० रुपयांना जोडी. उजवा सराउंड ६ फूट उंचीवर, डावा बुटक्या भिंतीवर कानाच्या उंचीला, साडेतीन फुटांवर.

पहिल्याच ऐकण्यात काहीतरी विचित्र: मागचा आवाज एका जागी ठरत नाही, डोक्याच्या आत असल्यासारखा वाटतो. रिसीव्हरच्या तपासणीत उजव्या सराउंडला उलटी जोडणी असल्याचा इशारा आला. वायरच्या एका बाजूला बारीक रेघ असते, ती मी एका टोकाला लालला आणि दुसऱ्या टोकाला काळ्याला जोडली होती. एक संध्याकाळ गेली. आता दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे.

३ मे

या नोंदीसाठीच बाकी सगळं लिहितोय असं म्हटलं तरी चालेल.

अण्णा सोफ्याच्या उजव्या टोकाला बसतात, जिन्याच्या कठड्याला धरून उठता येतं म्हणून. वीस मिनिटं शांत बसले. मग म्हणाले, "अरे, हा बाजूचा डबा बंद कर आधी. माणसं काय बोलतायत ते कळत नाही." बंद केला. "आता कळतंय."

कोन बरोबर होता. पातळीही रिसीव्हरने माइकने मोजून बसवलेली. पण ती मधल्या जागेसाठी. फूटपट्टीने मोजलं: उजव्या स्पीकरपासून अण्णांचा उजवा कान, त्यांचा एकुलता चांगला कान, ३ फूट १० इंच. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्या लेकीला तोच स्पीकर ७ फूट ४ इंच. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबल पडतो, इथे दोघांत साडेपाच डेसिबलचा फरक. म्हणजे गर्दी, पाऊस, पार्श्वसंगीत सगळं त्यांच्या कानाशी आणि समोरच्या माणसाचं बोलणं ११ फुटांवर. कोन पाच-दहा अंशांनी चुकला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. कानाजवळ आलेला स्पीकर मात्र लगेच कळला, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्यालाच तो सोसवला नाही.

सराउंडची पातळी तीन डेसिबल कमी केली. अण्णांना बरं वाटलं, पण मधल्या जागेवर सराउंड असून नसल्यासारखा झाला.

४ मे

उजवा स्पीकर वर न्यायचा प्रयोग. पक्का गुटका मारण्याआधी बांबूला दोराने बांधून साडेआठ फुटांवर धरला, लेकीने आणि मी आळीपाळीने. अण्णांचं अंतर ५ फूट ११ इंच झालं, दोन टोकांतला फरक साडेतीन डेसिबलच्या आत आला. बोलणं कळू लागलं. पण आता डावा आवाज बाजूने येतो आणि उजवा डोक्यावरून. मोटार डावीकडून उजवीकडे गेली की मध्येच हवेत उडते. मधल्या जागेवरून उजवा स्पीकर जवळजवळ ५० अंश वर होता, तेवढा तिरपा चालत नाही.

बांबूचा प्रयोग फुकट झाला, भिंत फोडली नाही. हे मात्र बरोबर केलं.

१० मे

आठवडाभर विचार करून सोफा खाली नेला. चार माणसं पुन्हा, १,२०० रुपये, आता तो पडवीत आहे. सोफ्यावर वर-खाली मिळून २१,२०० गेले. मन खट्टू झालं, पण खोली एकदम मोकळी झाली.

कल्पना बायकोची. ती म्हणाली, छप्पर खाली येतं तिथे उभं राहायचंच कशाला, खालीच बसू. अण्णांची आरामखुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर, दोन्ही भिंतींपासून ६ फूट, उत्तरेपासून १२ फूट. तिच्या पुढे दोन फूट सोडून जमिनीवर गाद्या आणि लोड. गाद्या नि लोड ४,२०० रुपये. टीव्ही पुन्हा एक फूट पश्चिमेला, भिंतीत चार भोकं वाया. अण्णांना उठताना धरायला खुर्चीजवळ एक जुनी जड तिवई ठेवली.

यामुळे काय झालं: खाली बसणारे खुर्चीच्या पुढे आल्याने दोन्ही सराउंडपासून आपोआप लांब गेले. सर्वांत जवळ बसणाऱ्यालाही आता पावणेसहा फूट मिळतात. अण्णा मध्यावर असल्याने सगळी मोजणी त्यांच्या कानासाठी करता येते.

११ मे

नवी आखणी. डावा सराउंड बुटक्या भिंतीवरच, पण खुर्चीच्या रेषेपासून तीन फूट मागे नेला, १२० अंश. उजवा साडेसहा फूट उंचीवर, १९ इंच... नाही, फूटपट्टी पुन्हा लावली, २३ इंच मागे, ११० अंश. खुर्चीतल्या कानापासून डावा ६ फूट १ इंच, उजवा ६ फूट ६ इंच. पाच इंचांचा फरक रिसीव्हर स्वतः भरून काढतो. दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या कराव्यात हा हट्ट सोडला, ही खोली तशी नाहीच. उजव्याचा गुटका अर्धा फूट खाली आला होता, स्टँडची दांडी वर वळवून भागलं. डाव्यासाठी काकांना पुन्हा बोलावलं, त्यांनी नवा गुटका मारून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

पुढचे दोन स्पीकर पावणेपाच फूट डावी-उजवीकडे, २३ अंश. याहून रुंद करता येत नाहीत, डावा छपराला लागतो.

१७ मे

सबवूफर. जागा शोधायची पद्धत उलटी आहे: सबवूफर बसायच्या जागी ठेवायचा, एकच खर्जाचा तुकडा लावायचा आणि आपण खोलीभर गुडघ्यांवर रांगत, जिथे खर्ज एकसारखा, न घुमता ऐकू येतो ती जागा खूण करायची. सबवूफर मग तिथे. आमची जागा वायव्येला, डाव्या स्पीकरच्या शेजारी निघाली.

लावला आणि खालून आईची हाक. मांडणीवरची पितळी भांडी आणि ताटं थरथरत होती. तक्तपोशी म्हणजे ढोलाचं कातडंच. आधी खाली जांभ्याचा चिरा ठेवून बघितला, काही फरक नाही, कारण चिरा फळ्यांवरच. मग सबवूफर दीड फूट सरकवून अशा ठिकाणी नेला जिथे तक्तपोशीखाली भिंत आहे आणि तुळई तिच्यावर टेकते. खाली कडप्प्याचा तुकडा, त्याच्याखाली वॉशिंग मशीनला लावतात ते चार रबरी पाय, २४० रुपये. वजन वर, रबर खाली, हा क्रम महत्त्वाचा. ताटं गप्प झाली. एक पितळी तांब्या अजून बोलतो, आईने त्याखाली फडकं घातलं.

सबवूफरमध्ये बारीक गुणगुण होती. तो वेगळ्या, अर्थिंग नसलेल्या जुन्या बोर्डावर होता. रिसीव्हरच्याच बोर्डावर आणला, गेली.

१८ मे

रिसीव्हरच्या माइकने मोजणी रात्री अकराला, पंखा बंद, खिडक्या बंद. मागच्या वेळी दिवसा केली होती, तेव्हा पंखा आणि कावळे दोन्ही माइकमध्ये गेले असणार. शिवाय माइक खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवला होता, त्याने परतणारा आवाज मोजला गेला. आता कॅमेऱ्याच्या तिवईवर, कानाच्या उंचीला. पहिली जागा अण्णांची, मग गाद्यांवरच्या पाच.

रिसीव्हरने सबवूफरचं अंतर १७ फूट सांगितलं, फूटपट्टीने ९. बिघाड नव्हे, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला होणारा उशीर तो अंतर म्हणून दाखवतो. बदलू नये. स्पीकर त्याने मोठे, म्हणजे खर्ज पेलणारे, ठरवले होते, ते मात्र बदलले: पुढचे तीन ८० हर्ट्झवर, चार इंची शंकूचे सराउंड १२० वर तोडले, त्याखालचा सगळा खर्ज सबवूफरकडे.

अण्णांची परीक्षा: डोळे मिटायचे, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून शूऽऽ आवाज काढतो, त्या दिशेला बोट करायचं. एका कानावर भिस्त असल्याने डावी-उजवी त्यांना पूर्ण कळत नाही, डाव्यासाठी ते दोनदा मागे बोट करत होते. पण बोलणं? "सगळं ऐकू येतंय. अक्षर न् अक्षर." सेंटर स्पीकर मी दीड डेसिबलने वर ठेवला आहे, त्यांच्यासाठी. तो थोडा मागे कलवून कानाकडे रोखला, टीव्हीखाली तो गुडघ्यांकडे बोलत होता.

२५ मे

पाऊस. कोकणात शाकारणी मेअखेरीस उरकते, आमची अर्धीच झाली होती. यंदा मोसमी पाऊस केरळात २४ मेला पोचला आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिण कोकणात. वानरांनी फोडलेल्या दोन कौलांतून पाणी वाशावरून ओघळत डाव्या सराउंडच्या मागे आलं. सकाळी बघितलं तर पेटीच्या मागची जोडणी ओली. वायर सोडवली, स्पीकर घरात आणून तीन दिवस पंख्याखाली ठेवला. शंकू कागदी असूनही वाचला, पेटीचा तळ मात्र फुगला.

१ जून

कौलं बदलली. डाव्या स्पीकरच्या वर वाशाला पत्र्याची पन्हळीसारखी पट्टी ठोकली, आलेलं पाणी बाजूला जाईल अशी. वायर स्पीकरच्या खाली लोंबती ठेवून मग वर जोडली, म्हणजे वायरवरून आलेला थेंब खालच्या वळणावर गळतो, जोडणीत शिरत नाही.

१५ जून

भर पावसात सिनेमा. कौलांवरच्या पावसाचा आवाज मोबाइलवर ६२ ते ६६ डेसिबल दाखवतो. हलकं बोलणं त्यात बुडतं. आवाज वाढवला की गोळीबार असह्य होतो. रिसीव्हरमधला रात्रीचा मोड लावला, तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो. पावसाळ्यात तोच ठेवणार. सराउंड एक डेसिबलने कमी केले, मागून खरा पाऊस येतच असतो.

सोफा सोडून खर्च ९,४४० रुपये. शनिवार-रविवार धरून अकरा आठवडे.

पाऊस ओसरला की डाव्या पेटीचा फुगलेला तळ बदलायचा आहे, आणि दोन्ही गुटके पुन्हा एकदा ओढून बघायचे आहेत, ओलीने सिमेंट सैल पडलं का ते.